डब्यातली चिल्लर आणि सोनाराचा काटा

दुपारची जेवणे आटोपून मी ओटा पुसत होते, तेवढ्यात शेजारच्या काकू दार लोटून आत आल्या. मूठ घट्ट मिटलेली. इकडेतिकडे बघून त्यांनी ती उघडली, तर आत एक रुपया. पण कसा? घासलेल्या तांब्याच्या घंगाळासारखा लालसर! १९९९ सालचा, आपल्या ओळखीचा, जुन्या मोठ्या आकाराचा रुपया. रंग तेवढा निराळा.

"अगं, टांकसाळीची चूक आहे म्हणे ही," काकू कुजबुजल्या. "स्टीलच्या जागी तांब्याची चकती पडली यंत्रात. असे तीनच रुपये आहेत अख्ख्या देशात. दहा लाख देतायत!"

कोण देतंय, ते हळूहळू बाहेर आले. मोबाइलवर आलेली एक चित्रफीत, तिच्याखाली एक नंबर. काकूंनी रुपयाचा फोटो पाठवला आणि पाच मिनिटांत फोन आला. बोलणारा मोठा अदबशीर, वाक्यावाक्याला 'माताजी'. नोंदणीचे म्हणून अकराशे पन्नास रुपये त्याने आदल्या दिवशीच घेतले होते. आता कराचे साडेचार हजार भरले, की दुसऱ्या दिवशी माणूस रोकड घेऊन दारात हजर. ते साडेचार हजार काकूंकडे होते. तांदळाच्या डब्यात, तळाशी. असे पैसे कसे साठतात, हे तुम्हाला मी काय सांगायचे?

"ह्यांना एवढ्यात सांगू नकोस," काकू म्हणाल्या. "पैसे हातात आले की एकदमच सांगणार आहे."

(हा अंक काकूंच्या घरी येतो आणि काकाच तो आधी वाचतात. म्हणून नावगाव काही देत नाही.)

माझ्या माहेरी वडिलांना नाण्यांचा नाद होता. दिवाणखान्यातल्या कपाटाचे दोन खण त्यातच गेलेले. आईची त्यावरून बोलणीही खायचे. पण त्यांची एक सवय माझ्या डोक्यात राहिली आहे. कुणी विचित्र नाणे आणून दाखवले, की ते भिंग काढायच्या आधी तराजू काढत. म्हणून काकूंना म्हटले, "साडेचार हजार उद्या भरा. आज आधी ह्याचं वजन करून आणू."

सोनाराच्या दुकानात

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सोनाराचे दुकान आहे. त्याच्या काचेच्या पेटीतला काटा ग्रॅमचा शंभरावा भागसुद्धा दाखवतो. त्याने रुपया ठेवला, झाकण लावले, आकडा स्थिर झाला: ४.८७ ग्रॅम. मग मी पर्समधून नेलेला साधा, पांढरा, त्याच घडणीचा २००० सालचा रुपया ठेवायला सांगितला. ४.८३.

काकूंना वाटले, झाले, आपला जड निघाला!

तसे नव्हते. १९९२ ते २००४ या काळात निघालेला २५ मिलिमीटर व्यासाचा स्टीलचा रुपया ४.८५ ग्रॅम वजनाचा असतो. शंभराव्या भागातला एवढातेवढा फरक चालायचाच. एखादे नाणे वापरून झिजते, एखाद्यावर मळ बसतो, शिवाय टांकसाळीलाही थोडी सूट कायद्याने दिलेलीच असते. पण तेवढाच आकार, तेवढीच जाडी आणि आतून निव्वळ तांबे, असे असते तर काट्याने साडेपाच ग्रॅमच्या वरचा आकडा दाखवायला हवा होता. घरात रोज अनुभवतो ना आपण? एकाच वाटीने पोहे मापा आणि साखर मापा. वाटी तीच, पण वजनात केवढा फरक! नाण्याचा ठसा म्हणजे ती वाटी. घन सेंटिमीटरला तांबे भरते जवळजवळ नऊ ग्रॅम, स्टील पावणेआठच्या आसपास, जस्त सातच्या थोडे वर आणि ॲल्युमिनियम पावणेतीन. रंग फसवील, हा फरक कुठे जाणार?

सोनाराने खात्रीसाठी चुंबक आणले. रुपया टपकन जाऊन चिकटला. तांबे चुंबकाला दाद देत नाही. आत स्टील आणि वर तांब्याचा पातळ मुलामा, एवढीच त्या दहा लाखांची हकिकत. "असा मुलामा अर्ध्या तासात करून देतात, वहिनी," सोनार म्हणाला. काकू काही बोलल्या नाहीत. रुपया तेवढा उचलून त्यांनी पुन्हा मुठीत धरला.

इथे एक आठवण सांगण्याजोगी आहे. सोनार आणि रुपया यांचे नाते फार जुने. इंग्रजी अमलातला चांदीचा रुपया बरोबर एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा असे. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी सोने जोखायला वजन म्हणून तोच पारड्यात पडायचा. पण १९४० मध्ये त्यातली चांदी जवळजवळ निम्म्यावर आणली गेली आणि वजन मात्र तोळाभरच ठेवले. म्हणजे काटा सगळ्याच गोष्टी सांगतो असेही नाही. सरकारने ठरवूनच धातू बदलला आणि वजन सांभाळले, तर तो बिचारा काय करणार? तो पकडतो ती चूक. एका धातूसाठी ठरलेल्या जागी दुसरा धातू आला, तर ती.

आधीच्या बाईची बाजरी

आता तुम्ही विचाराल, अशी चूक खरोखर कधी होते का? होते. आणि तिची सर्वांत गाजलेली गोष्ट अमेरिकेतली आहे.

साल १९४३. महायुद्ध ऐन भरात. तोफगोळ्यांना तांबे हवे, म्हणून अमेरिकेने त्या वर्षी आपला एक सेंट ब्राँझऐवजी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचा पाडला. (आपल्याकडेही त्याच सालापासून भोकाचा पैसा आला, घरातल्या वडीलधाऱ्यांनी जपून ठेवलेला असेल. मधले भोक धातू वाचवण्यासाठीच होते.) फिलाडेल्फिया, डेन्व्हर आणि सॅन फ्रान्सिस्को अशा तिन्ही टांकसाळींनी मिळून शंभर कोटींहून जास्त पांढरे सेंट काढले. त्यांत मोजकेच तांबूस निघाले. अगदी हाताच्या बोटांवर नाही म्हणता यायचे, पण फार नव्हेत. डेन्व्हरचा तर आजवर एकच सापडला आहे.

हे कसे झाले? गिरणीत आपण गव्हाचे दळण घेऊन जातो. आपल्या आधी कुणा बाईने बाजरी दळलेली असते. गिरणीवाला कितीही म्हणो, 'ताई, साफ केलंय', आपल्या पहिल्या मूठभर पिठात थोडी बाजरी येतेच. जात्याच्या सांदीत अडकून राहिलेली असते ना! टांकसाळीतही कोऱ्या चकत्या मोठमोठ्या पेट्यांतून यंत्राकडे नेतात. पेटीच्या झडपेत, कोपऱ्यात १९४२ च्या ब्राँझच्या दोन-चार चकत्या अडकून राहिल्या असाव्यात, नव्या वर्षी पोलादाबरोबर त्या सुटल्या आणि १९४३ चा ठसा त्यांच्यावर उठला, असे जाणकार सांगतात. पुढल्या वर्षी उलटे झाले. १९४४ मध्ये सेंट पुन्हा तांबूस झाला आणि काही थोडे मात्र पोलादाचे पांढरे निघून गेले.

मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या पिट्सफील्ड गावी डॉन लुट्स नावाचा सोळा वर्षांचा मुलगा होता. १९४७ साली शाळेच्या उपाहारगृहात सुट्ट्या पैशांत त्याला असा एक तांबूस १९४३ मिळाला. त्या वेळी तिकडे अफवा होती, की असा सेंट आणून देणाऱ्याला हेन्री फोर्ड नवी मोटार देणार! मुलाने चौकशी केली, तर ती निव्वळ थाप निघाली. सरकारी खजिन्याकडे विचारले, तर उत्तर आले की त्या वर्षीचे सगळे सेंट पोलादाचेच आहेत, तांब्याचा एकही नाही. दुसऱ्या कुणी तो खर्चून टाकला असता. ह्याने नाणे जपून ठेवले, जन्मभर. २०१८ साली तो वारला आणि जानेवारी २०१९ मध्ये लिलावात त्या एका सेंटला २ लाख ४ हजार डॉलर आले. आपले जवळजवळ दीड कोटी रुपये!

आता गंमत बघा. अफवा खोटी, सरकारी उत्तरही खोटे आणि नाणे मात्र खरे. ते खरे, हे कशावरून? पोलादाचा सेंट २.७० ग्रॅम, ब्राँझचा ३.११. फरक अर्ध्या ग्रॅमचाही नाही. तांदळाचे पंधरा-वीस दाणे धरा. पण तेवढ्या दाण्यांवर सगळा निवाडा. कारण ही बातमी पसरल्यावर लोकांनी पोलादाच्या सेंटवर तांब्याचा मुलामा देऊन तो विकायला सुरुवात केली. काकूंचा रुपया त्याच कुळातला! तो चुंबकाला चिकटतो आणि वजनात २.७० च्या आसपासच राहतो. काही जास्त हुशार निघाले. त्यांनी १९४८ च्या खऱ्या ब्राँझच्या सेंटवरचा आठचा आकडा अर्धा खरवडून तीन केला. तिथे वजन बरोबर येते, चुंबकही फसते. मग भिंग लागतेच.

माझी एक मैत्रीण लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला सहा महिने राहून आली. येताना चिल्लरीची एक पिशवीच घेऊन आली. तिकडे ती कुणी मोजत नाही म्हणे. काकूंचे प्रकरण ऐकून ती पिशवी घेऊन माझ्याकडे आली. तुमच्यापैकी कुणाकडे अशी पिशवी असेल तर तिच्यातले १९८२ चे सेंट वेगळे काढा. त्या वर्षाच्या मध्यावर अमेरिकेने ब्राँझ सोडून तांब्याचा मुलामा दिलेले जस्त घेतले. दिसायला दोन्ही अगदी सख्ख्या जुळ्या बहिणी. एक ३.११ ग्रॅमची, दुसरी अडीच ग्रॅमची. हे दोन्ही प्रकार भरपूर आहेत, त्यात दुर्मिळ काही नाही. पण डेन्व्हरच्या टांकसाळीने त्या साली बारीक आकड्यांचा ठसा फक्त जस्तासाठी वापरला, असा सर्वांचा समज होता. २०१६ मध्ये तसला एक सेंट कुणीतरी तोलला आणि तो ब्राँझच्या वजनाचा भरला! पुढच्या वर्षी लिलावात त्याला अठरा हजार डॉलरांवर किंमत आली. डोळ्यांनी तो कधीच सापडला नसता. तशीच १९८३ चीही गोष्ट. त्या साली सगळे सेंट अडीच ग्रॅमचे हवेत, आणि ३.११ चे अगदी थोडे सापडले आहेत.

मैत्रिणीच्या पिशवीत १९८२ चे सात सेंट निघाले. चार जड, तीन हलके, सगळे अगदी नियमात. दुपार मात्र छान गेली.

फूटपट्टी आणि पेन्सिल

सोनाराकडे रोज कोण जाणार? आणि स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा केकच्या मैद्याला ठीक. तो पूर्ण ग्रॅमच दाखवतो, त्यामुळे एकट्या नाण्यासाठी निरुपयोगी. पण घरच्या घरी एक साधी युक्ती आहे. मुलांच्या कंपासपेटीतली छोटी प्लास्टिकची फूटपट्टी घ्या. टेबलावर सहा कडांची पेन्सिल ठेवून तिच्यावर पट्टी आडवी तोलून धरा. एका टोकाला संशयाचे नाणे, दुसऱ्या टोकाला त्याच सालाच्या आसपासचे, त्याच घडणीचे, खात्रीचे नाणे, दोन्ही मध्यापासून सारख्याच अंतरावर. जड बाजू खाली जाते. अर्ध्या ग्रॅमचा फरक अशा पट्टीला कळतो. मग नाण्यांची अदलाबदल करून पुन्हा तोला. हे विसरू नका. भाजीवालीच्या तागडीला पासंग आहे का, हे बघायला आपल्या सासवा पारडी बदलायला लावत, ते का उगाच? पट्टीलाही पासंग असतो. अदलाबदलीनंतरही तेच नाणे खाली गेले, तरच ते जड.

आपल्या नाण्यांची काही वजने माहीत असली की बराच गोंधळ मिटतो. १९६२ ते १९७४ चा निकेलचा मोठा रुपया दहा ग्रॅमचा. तो शुद्ध निकेलचा असल्याने चुंबकाला चिकटतो आणि त्यात काही चूक नाही. १९७५ पासून तांबे-निकेलचा आठ ग्रॅमचा, १९८३ ते १९९१ सहा ग्रॅमचा. हे दोन्ही चुंबकाला चिकटत नाहीत. मग आपला ४.८५ चा स्टीलचा. आणि २०११ पासूनचा चिमुकला रुपया ३.७९ ग्रॅम, २२ मिलिमीटर. आता डब्याच्या तळाशी जुना स्टीलचा पन्नास पैसा असेल तर त्याच्याशी तो जुळवून बघा. वजन तेच, आकारही तोच! नवे दोन रुपये तसेच जुन्या रुपयाच्या मापाचे. महागाई म्हणतात ती हीच, काट्यावरसुद्धा दिसते.

पाच रुपयांच्या नाण्याने मात्र भल्याभल्यांना चकवले आहे. सुरुवातीचे जाडजूड तांबे-निकेलचे नऊ ग्रॅमचे, नंतर स्टीलचे सहा ग्रॅमचे, त्यानंतरचे पिवळसर निकेल-पितळेचेही सहाचेच. आणि २००६ च्या सुमारास थोर व्यक्तींच्या वा संस्थांच्या स्मरणार्थ निघालेली काही पाच रुपयांची नाणी तर तोच ठसा घेऊन दोन्ही धातूंत निघाली. म्हणजे चेहरा एक, वजने दोन, एक नऊ आणि एक सहा. ही चूक नव्हे. धातू बदलण्याचा तो काळ होता आणि दोन्ही मुद्दामच काढली. चित्रफितीवाले नेमकी हीच जोडी दाखवून 'टांकसाळीची दुर्मिळ चूक' म्हणून ओरडतात.

मग खरी चूक हाती लागली तर ती कशी ओळखायची? चुकीच्या चकतीवर उठलेले नाणे बहुधा त्या दुसऱ्या नाण्याचेच वजन दाखवते, हे ध्यानात ठेवा. समजा, पिवळ्या पाच रुपयांच्या ठशाखाली चुकून नव्या रुपयाची चकती गेली. नाणे पांढरे दिसेल, कडेची नक्षी अपुरी राहील (करंजीच्या साच्यात लहान पारी घातली की मुरड कशी नीट बसत नाही, तशी), चुंबकाला चिकटेल आणि वजन भरेल ३.७९. अशा चार साक्षी एकमेकींशी जुळल्या, तर मनात आशा धरायला हरकत नाही. नुसताच रंग वेगळा आणि वजन नेहमीचे, तर तो मुलामा, नाहीतर डाग. आणि वजन थोडेसेच कमी, तर झीज.

आणि हो, असे नाणे मिळाले तर कृपा करून चिंचेने, पितांबरीने घासू नका! आपला हात शिवशिवतो, मला ठाऊक आहे. पण घासलेल्या नाण्याची किंमत संग्राहकाच्या लेखी तिथेच उतरते. कागदाच्या घडीत गुंडाळून ठेवा, काट्यावरचा आकडा त्याच कागदावर लिहा. दाखवायचे तर शहरातल्या नाणेसंग्राहकांच्या मंडळात नाहीतर जाहीर प्रदर्शनात, चार माणसांसमक्ष दाखवा. नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांचे चांगले संग्रहालय आहे. त्र्यंबकेश्वरला जाताना वाटेवरच, मुलांना आवर्जून न्यावे असे.

फोनवरच्या माणसाला मात्र दाखवू नका. खरेदी करणारा पैसे देतो, आधी मागत नाही, एवढी साधी गोष्ट लाखांचा आकडा ऐकला की आपण विसरतो. त्यातून तो रिझर्व्ह बँकेचे नाव घेऊ लागला तर फोन तिथेच ठेवा. जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी आमचा काही संबंध नाही आणि त्यासाठी कसलेही शुल्क किंवा दलाली आम्ही मागत नाही, असे बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केले आहे. पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका, लगेच १९३० वर फोन करून तक्रार नोंदवा. जितका उशीर, तितकी ते परत मिळण्याची आशा कमी.

काकूंनीही तो फोन केला, पण दोन दिवस विचार करून. अकराशे पन्नास अजून आलेले नाहीत. साडेचार हजार मात्र तांदळाच्या डब्यातच आहेत.

तिसऱ्या दिवशी त्या अदबशीर माणसाचा पुन्हा फोन आला. मी तिथेच होते. 'माताजी, कराचे पैसे राहिले,' तो म्हणाला. काकूंनी चष्मा लावला, कागद पुढे ओढला आणि म्हणाल्या, "भरते की. आधी मला सांगा, त्या तांब्याच्या रुपयाचं वजन किती असायला हवं?"

पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग फोन बंद झाला.